सामुद्रधुनीतलं बुजगावणं

परवा जालना रोडनं करमाडकडं जाताना एका शेताच्या तोंडाशी गाडी थांबवावी लागली. ‘हुरडा पार्टी’चा भला मोठा फलक, त्याखाली शहरातल्या गाड्यांची ही रांग, आणि आत शिरायच्या वाटेवर एक बुजगावणं. त्याला गॉगल घातलेला, डोक्याला फेटा, गळ्यात प्लॅस्टिकच्या फुलांची माळ. मंडळी त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढत होती. नात मला ओढायला लागली, “आजी, तू पण ये ना.” गेले, उभी राहिले. पण त्याचे हात आडव्या काठीला खिळ्यांनी पक्के ठोकलेले पाहून मला राहवेना. तिथल्या व्यवस्थापकाला म्हटलं, “अहो, याचे हातच हलत नाहीत. पाखरं काय भितील याला?” तो हसून म्हणाला, “मॅडम, इथं पाखरं कुठं येतात? माणसंच येतात.”

त्याचंही खोटं नव्हतं. तिथली ज्वारी देखाव्यापुरती, चार सऱ्या. भाजायचा हुरडा म्हणे टेम्पोतून येतो. तरी आगटीजवळ बसल्यावर सगळं परत आलं. गोवरीचा तो गोडसर धूर, राखेतून काढलेलं गूळभेंडी ज्वारीचं कणीस तळहातावर चोळताना बसणारे चटके, फुंकर मारली की नाकात जाणारा कोंडा, आणि कोवळ्या दाण्याची ओली गोडी. तिच्याबरोबर लसणाची चटणी खाल्ली की डोळ्यांतून पाणी यायचं आणि तरी हात पुन्हा चटणीकडंच जायचा. पाठीला ऊन, पोटाशी विस्तव. थंडीतली सकाळ याहून जास्त काही मागत नाही.

हुरड्याचा हंगाम आला की मला समुद्र आठवतो. हे चारचौघांत बोलायची सोय नाही. करमाड कुठं आणि समुद्र कुठं! आमच्या भागात मोठं पाणी म्हणजे पैठणचं धरण. त्याच्या काठावर उभं राहून पलीकडचा काठ दिसला नाही की आमची माणसं “बाप रे, दर्याच हाय ह्यो” म्हणतात आणि पोळीभाजीचा डबा उघडतात. मी स्वतः शहरातल्या एका शाळेत भूगोल शिकवण्यात उभा जन्म घालवला. सामुद्रधुनी म्हणजे दोन मोठ्या जलाशयांना जोडणारा पाण्याचा अरुंद पट्टा, ही व्याख्या फळ्यावर इतक्यांदा लिहिली की डोळे मिटूनही लिहिली असती. पण प्रत्यक्ष समुद्र पाहिला तो चाळिशी उलटल्यावर. तोवर माझ्या लेखी समुद्र म्हणजे नकाशातला निळा रंग. त्या एका हिवाळ्यात मात्र तो निळा रंग आमच्या घरात शिरला आणि वीसएक वर्षं झाली तरी निघालेला नाही.

तेव्हा नाना, म्हणजे माझे वडील, करमाडला शेती करत होते. सत्तरीच्या घरात होते, पण ज्वारी निसवली, कणसं बाहेर पडली की त्यांच्या अंगात वेगळंच बळ यायचं. कारण ज्वारी भरायला आणि भोरड्या यायला एकच गाठ पडायची. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ही पाखरं किती देश ओलांडून आपल्याकडं येतात ते मी वर्गात मोठ्या कौतुकानं सांगायचे. रानात त्यांचं कौतुक करायला कोणाला सवड नव्हती. आभाळात धुरासारखं काही वळताना दिसायचं, बघता बघता ते शिवारावर उतरायचं, आणि उठून जायचं तेव्हा कणसं रिकामी झालेली असायची. वर्षाची भाकरी त्या कणसांत होती. म्हणून रानाच्या मधोमध चार खांबांचा माळा, माळ्यावर नाना, नानांच्या हातात गोफण. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत राखण चालायची. गोफणीचा तो सटाक् आवाज अजून कानात आहे.

पण गोफणीनं काय होतं? तर पाखरं शेजारच्या रानात जाऊन बसतात. शेजाऱ्यानं हाकलली की परत आपल्याकडं. ज्यानं त्यानं आपापलं राखायचं म्हटलं तर पाखरं दिवसभर या रानातून त्या रानात जेवत फिरतात. म्हणून आमच्या शिवारात हाळीची रीत होती. आपल्या रानातून थवा उठला की ज्या दिशेला वळला तिकडच्या माळ्याला हाळी द्यायची. त्यानं “येऊ द्याऽऽ” म्हणून उलट हाळी द्यायची, गोफण फिरवायची आणि पुढच्याला कळवायचं. असं करत करत सगळ्या शिवारानं मिळून थवा नाल्यापलीकडच्या बाभळीत काढून द्यायचा. मधे कुणी भांडलेला असो, कुणाची बोलचाल बंद असो, हाळीला हाळी आलीच पाहिजे. अठ्ठेचाळीस साली निजामाविरुद्ध पोलिस ॲक्शन झाली त्या हिवाळ्यात म्हणे माणसं एकमेकांच्या डोळ्यांत बघायला धजत नव्हती, दारं दिवसाही बंद असायची. पण त्या सालीही माळ्यावरून माळ्यावर हाळी गेली होती. नाना तेव्हा पोरसवदा होते. हे सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा.

नानांचं स्वतःचंच उदाहरण घ्या. आमच्या शेजारचं रान गफूरमामूंचं. दोघं एका वयाचे, एकाच नाल्यात पोहायला शिकलेले, आणि बांधावरून हाडवैर. बांध कुणी कोरला याचा निकाल लागावा म्हणून तहसिलीत खेटे घालून दोघांच्या वहाणा झिजल्या. नाना मामूंच्या घरच्या लग्नाला गेले नाहीत, मामू आमच्या घरच्या. समोरासमोर आले तर दोघंही आभाळाकडं बघून पाऊसपाण्याचा अंदाज घेत निघून जायचे. पण माळ्यावर चढले की “गफूरऽऽ, आले रेऽऽ” आणि तिकडून लगोलग “येऊ देऽऽ!” मला लहानपणी याचं हसू यायचं. नंतर नवल वाटायला लागलं.

नानांना आणखी एक नाद होता, बुजगावण्याचा. त्यांचं बुजगावणं सगळ्या शिवारात नावाजलेलं. लोक आडवी काठी बांधून सदरा अडकवतात आणि मोकळे होतात. नाना दोन काठ्या खांद्याशी वेगवेगळ्या आणि मुद्दाम ढिल्या बांधायचे. वारा आला की दोन्ही हात वर जायचे, वारा पडला की सावकाश खाली यायचे. वर उपडं मडकं, त्यावर चुन्याचे डोळे आणि झुबकेदार मिशा. लांबून कुणी वाटसरू त्याला रामराम घालून गेल्याचंही मी पाहिलेलं आहे. ही विद्या नानांनी बाळूला दिली.

बाळू माझा धाकटा भाऊ. शाळेतलं नाव प्रल्हाद, पण गावाला तो बाळूच. माझ्यापेक्षा बराच लहान, नवसासायासाचा, आणि हट्टानं बोटीवर गेलेला. कुठंतरी जाहिरात वाचली, मुंबईला गेला, शिकला आणि मालवाहू बोटीवर खलाशी झाला. नानांनी महिनाभर अबोला धरला. आमच्या घराण्यात होडीतही कुणी बसलेलं नव्हतं. गावात कुणी विचारलं, “बाळू कुठं असतो आताशा?” तर नाना तुटकपणे म्हणायचे, “पान्यावर.” मायला, म्हणजे आमच्या आईला, एकच काळजी. फोनवर दर वेळी ती विचारायची, “अरे, तिथं प्यायला पानी मिळतंय का?” आम्ही हसायचो. आता कळतं, टँकरच्या गावातल्या बाईनं समुद्राबद्दल विचारायचा याहून शहाणा प्रश्न नाही.

त्या हिवाळ्यात बाळूची बोट मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जायची होती. सुटीच्या दिवशी मी करमाडला गेले तेव्हा शाळेचा नकाशा बरोबर नेला आणि ओसरीवर पसरला. एका अंगाला सुमात्रा, दुसऱ्या अंगाला मलेशिया, टोकाला सिंगापूर, आणि मधे निळी फट. जगाच्या पूर्वेला जायचं तर बहुतेक बोटींना याच फटीतून जावं लागतं. तेल, कोळसा, धान्य, मोटारी, सगळं एकामागं एक. आणि तिथं चाचे होते. छोट्या जलद होड्यांतून येतात, दोराच्या शिडीनं वर चढतात, बंदुका रोखतात, माणसं ओलीस धरतात. बाळूनं हे फोनवर सहज सांगितलं होतं, त्याच्या भाषेत, “अक्का, इथं भोरड्या हायेत.”

खरी मेख पाण्यावरच्या रेषेत होती. निळ्या रंगावर कुठं रेघ दिसत नाही, पण असते. इथपर्यंत या देशाचं पाणी, तिथून त्या देशाचं. चाचे एका पाण्यात लुटायचे आणि दुसऱ्या पाण्यात पळायचे. पाठलाग करणारी गस्तीची नौका रेषेशी येऊन थांबायची, कारण पुढं गेली तर शेजारी म्हणणार, आमच्या हद्दीत शस्त्रं घेऊन कसे शिरलात? हे शेजारी काही एकमेकांच्या गळ्यात गळे घालणारे मित्र नव्हते. जुने रुसवे होते, हद्दीवरून कुरबुर चालूच होती. पण नुकतंच त्यांनी आपसांत ठरवलं होतं. ज्यानं त्यानं आपल्याच पाण्यात फिरायचं, पण सगळ्यांनी एकाच वेळी फिरायचं, आणि दिसेल ते शेजाऱ्याला तात्काळ कळवायचं. वरून विमान फिरवायचं, त्यात शेजारच्या देशांचे अधिकारीही बसवायचे, म्हणजे कुणाला कुणाचा संशय नको. मी हे वाचलं तेव्हा वर्तमानपत्र मांडीवर ठेवून कितीतरी वेळ नुसती बसले होते. ज्यांना एकमेकांचा भरवसा नाही त्यांनी आपले डोळे एकमेकांना उसने द्यायचे! माणसांना हे सुचतं आणि जमतं, याचा मला फार मोठा अचंबा वाटला.

नानांना मात्र काही वाटलं नाही. त्यांनी नकाशावर बोट ठेवलं, फट केवढी आहे ते वितीनं मोजल्यासारखं केलं आणि म्हणाले, “कागदावर लई झ्याक हाय. पर कोन कोनासाठी धावतंय गं?”

“तुम्ही नाही का हाळी देत मामूंना?”

“गफूरला मी जल्मापास्नं वळखतो. त्याच्या बापाला वळखत होतो. भांडन हाय, पर वळख हाय. तिथं आपलं लेकरू कोनाच्या वळखीचं हाय?”

माय पदरानं नकाशावरची धूळ पुसत होती. बाळू त्यातल्या कुठल्या ठिकाणी आहे असं तिनं विचारलं आणि मी अंदाजानं एक जागा दाखवली. तिथं तिनं जरा वेळ हात ठेवला.

पुढच्याच शनिवारी सकाळची शाळा आटोपून मी शहरातल्या घरी आले. आमचे हे बीडला बदलीवर, लेक होस्टेलला. कुलूप काढतेय तोवर आत फोन वाजायला लागला. मुंबईहून बाळूच्या कंपनीतला माणूस बोलत होता. “तुमच्या भावाच्या बोटीवरून संकटाची खूण दिसली आहे. एक खलाशी हात वरखाली करून मदत मागत होता, असं गस्तीच्या विमानानं कळवलं. गस्ती नौका निघाल्या आहेत. घाबरू नका.”

“बोटीशी बोलणं झालं का?” मी विचारलं.

“झालं. ते म्हणतात सगळं ठीक आहे.”

“मग?”

तो थोडा घुटमळला. “मॅडम, चाचे बंदूक लावून तसं बोलायला लावतात. म्हणून नुसत्या शब्दावर कुणी विसंबत नाही.”

घाबरू नका, असं तो पुन्हा एकदा म्हणाला आणि फोन बंद झाला. नानांना हे फोनवर सांगायची माझी छाती झाली नाही. कुलूप पुन्हा लावलं आणि मिळेल त्या एस.टी.त चढले. चिकलठाणा मागं पडल्यावर लक्षात आलं की कंपनीकडं नंबर आहे तो फक्त माझ्या घरचा. आणि कंपनीचा नंबर लिहिलेला आहे तो माझ्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर. डोकं ठिकाणावर नसलं की माणूस कसा वागतो त्याचा हा नमुना. पण उतरून परत जायला मन धजेना.

करमाडला उतरून तशीच रानात गेले. दुपार कलती होती. नाना माळ्यावर उभे, समोर भरल्या ज्वारीचा तो फिकट सोनेरी रंग, आणि मी खाली उभी राहून मान वर करून त्यांना ते सगळं सांगितलं. त्यांच्या हातातली गोफण तशीच राहिली. तेवढ्यात पलीकडून हाळी आली, “आले रेऽऽ, आले!” थवा आमच्या रानाकडं वळला होता. पुन्हा हाळी आली. नाना पुढ्यात बघत उभे. भोरड्या उतरल्या, खाली कणसांचा करकर आवाज सुरू झाला, आणि माझ्या वडिलांनी जन्मात पहिल्यांदा हाळीला हाळी दिली नाही. मला बाळूच्या बातमीनं रडू आलं नव्हतं, ते तेव्हा आलं.

थोड्या वेळानं गफूरमामू धोतराचा काचा मारलेले, तावातावानं बांध ओलांडून आले. तोच बांध. “का रे, बहिरा झाला का तू? गळा फाटंस्तोवर वरडायलोय मी!” मग त्यांना मी दिसले. माझ्या तोंडाकडं बघून त्यांचा आवाज खाली आला. “क्या हुआ बेटी?”

मी सांगितलं. बाळूला त्यांनी लहानपणी खांद्यावरून नाल्याला नेलेलं होतं. ते माळ्याच्या शिडीवर चढले आणि नानांच्या हातातून गोफण काढून घेतली. “चल, उतर. घरी जाय. फोनपाशी बस.”

“पाखरं...” नाना म्हणाले.

“पाखराचं मी बगतो. तुझं बी अन् माझं बी. तिकडं हनिफा हाय माळ्यावर. तू जाय.”

नाना उतरले. आम्ही वाटेला लागलो तेव्हा मागून मामूंची हाळी ऐकू आली आणि त्यांच्या रानातून हनिफामामींची बारीक, ताणलेली उलट हाळी. दोन्ही रानं त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्या नवराबायकोनं राखली.

ती रात्र कशी गेली ते लिहीत नाही. माय मला सोडेना, म्हणून शहरात परतता आलं नाही. रविवारी सकाळी नाना फोनच्या स्टुलाशेजारी भिंतीला टेकून बसले. ते घरात असे दिवसा बसलेले मी कधी पाहिले नव्हते. दाढी वाढलेली, हात गुडघ्यांवर. मधेच एकदा म्हणाले, “कोन जाईल गं तिथं?” मी म्हटलं, “निघाल्यात नौका, नाना.” ते म्हणाले, “निघाल्या असतील. पर ज्याचं त्याला घर असतंय. दुसऱ्याच्या लेकरासाठी बंदुकीपुढं कोन जातंय?” बाहेर अंगणात ऊन पसरलं होतं, मायनं वाळत घातलेल्या बोरांवर मुंग्या चढत होत्या आणि तिला त्याचं भान नव्हतं. मी मनातल्या मनात तो नकाशा पुन्हा पुन्हा उघडत होते. जो मी इतकी वर्षं शिकवला तो मला आता कुठलीच माहिती देत नव्हता.

आताशा वर्तमानपत्राच्या आतल्या पानात कधीतरी चार ओळींची बातमी येते. अमुक देशांच्या नौदलांची एकत्र गस्त, शेजारी राष्ट्रांची सागरी सुरक्षेवर बैठक, माहितीची देवाणघेवाण. फोटोत पांढऱ्या गणवेशातली माणसं हात मिळवत असतात. बहुतेक जण ती बातमी ओलांडून खेळाच्या पानावर जातात. मी मात्र चष्मा पुसून वाचते. त्या कोरड्या शब्दांमागं कुणाच्या तरी ओसरीवर कुणीतरी भिंतीला टेकून बसलेलं असतं, हे मला ठाऊक आहे.

त्या रविवारी दुपारच्या आत फोन वाजला. मी उचलला. खरखर, मग शिटीसारखा आवाज, आणि मग, “अक्का? अगं कालपास्नं तुझ्या घरी लावायलेत कंपनीवाले, कोनी उचलंना! मी बाळू. बरा हाय मी. सगळे बरे हायेत.”

मी नुसती मान हलवली, तर मायनं ओळखलं आणि तिथंच जमिनीवर बसली.

मग बाळूनं सांगितलं ते असं. सामुद्रधुनीत शिरण्याआधी कप्तानानं हुकूम सोडला होता की कठड्याशी बुजगावणी उभी करा, म्हणजे लांबून पहाऱ्याला भरपूर माणसं दिसतील. ही बोटींवरची जुनी युक्ती आहे. बाकीच्यांनी जुने कपडे चिंध्या कोंबून कठड्याला टेकवून ठेवले. आमच्या बाळूच्या हाताला ते पटेना. त्यानं करमाडचं बुजगावणं केलं. झाडूचे दांडे, खांद्याशी ढिले बांधलेले, डोक्याला उपडी बादली, बादलीवर पांढऱ्या रंगानं डोळे आणि मिशा. वारा सुटला आणि बुजगावण्यानं सावकाश दोन्ही हात वर नेले, खाली आणले, पुन्हा वर नेले. जगातल्या कुठल्याही समुद्रावर याचा अर्थ एकच होतो, आम्ही संकटात आहोत, या. बाळूनं हे परीक्षेला पाठ केलं होतं. पण ती खूण माणसाची आणि हे तर पाखरांसाठीचं, दोन्हींचा संबंध त्याच्या ध्यानातच आला नाही.

वरून विमान गेलं. विमान एका देशाचं, आत दुर्बीण लावून बसलेला अधिकारी दुसऱ्या देशाचा. त्याला हात दिसले. बोट तेव्हा नेमकी त्या न दिसणाऱ्या रेषेजवळ होती. एका किनाऱ्यावरून एक नौका सुटली, समोरच्या किनाऱ्यावरून दुसरी. पाणी तुमचं की आमचं, याचा खल करत कुणी बसलं नाही. पहिली नौका जवळची होती, पण बोट रेषेपलीकडं दुसरीच्या पाण्यात होती, म्हणून ती आपल्या पाण्याच्या शेवटापर्यंत आली आणि तिथं इंजिन चालू ठेवून, बोटीवर नजर ठेवून उभी राहिली. दुसरी येऊन बोटीला भिडेपर्यंत ती हलली नाही. “अन् अक्का,” बाळू म्हणाला, “सकाळपास्नं दोन होड्या आमच्या मागं मागं होत्या. मासेवाले होते का आनखी कोन, देवाला ठाव. ह्या नौका दिसल्या अन् त्या गायब.”

नौकेवरची माणसं शस्त्रं सज्ज करून शिडीवरून चढली. वर काय असेल ते त्यांना माहीत नव्हतं. ओलीस धरलेले खलाशी असतील, बंदुका असतील, या हिशोबानंच ती चढली. वर त्यांना भेटला आमचा मिशावाला. कप्तानाचा चेहरा पडला, बाळूला तर नोकरी गेलीच असं वाटलं. पण त्यांचा प्रमुख अधिकारी बुजगावण्याभोवती एक चक्कर मारून आला, मिशा पाहून हसला आणि खुणांनी, मोडक्यातोडक्या बोलण्यानं सांगू लागला की त्याच्या घरी भाताची शेती आहे, त्याची आई पाखरांसाठी दोरीला डबे बांधते. मग त्यानं बुजगावण्याचे दोन्ही हात अलगद खाली घेतले आणि बाह्या खिशात खोचल्या. कप्तान बाळूला फैलावर घेऊ लागला तेव्हा अधिकारी म्हणाला, राहू द्या. हात दिसले की आम्ही येणारच. उगीच आलो तर थोडं तेल जळतं, एवढंच. तो उतरून गेला. रेषेवर थांबलेल्या नौकेकडं त्यानं हात केला, तिकडूनही कुणीतरी हात केला, आणि दोघी आपापल्या किनाऱ्याला वळल्या.

मी हसत होते आणि रडत होते. मायला सगळं ओरडून सांगत होते, तीही हसत होती. नानांनी मात्र उठून हात पुढं केला आणि रिसीव्हर मागितला. मी त्यांच्या कानाशी कान लावून उभी राहिले.

“बाळू.”

“नाना, चुकलं माझं. हात ढिले बांधायला नको होते.”

नानांनी ते ऐकलंच नाही. “आलती ती मान्सं. त्यांची नावं काय रं?”

“नावं? नावं कोन इचारनार, नाना. त्या सायबाच्या छातीवर पाटी व्हती, मला नाय वाचता आली.”

“अन् त्यांना तुझं?”

“काय माझं?”

“नाव. तू कुठला, कोनाचा, ह्ये ठाव व्हतं का त्यांना?”

“नाय ओ नाना. त्यांना कुठून ठाव असनार? बोटीत कोन हाय त्येच म्हाईत नव्हतं. हात दिसले, आले.”

पलीकडून बाळू “नाना? नाना?” करत राहिला. नानांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि भिंतीशी खाली बसले. मायकडं बघून म्हणाले, “नाव ठाव नव्हतं गं आपल्या पोराचं. तरी वर चढले.” आणि डोक्याचं पागोटं काढून त्यांनी दोन्ही हातांनी पुढं जमिनीवर ठेवलं, समोर कुणाचे पाय असावेत तसं.